नाकवाले मिस्त्री

माझ्या वडिलांना अख्खी वस्ती 'नाकवाले मिस्त्री' म्हणते. त्यांचं नाक काही मोठं नाही, उलट चांगलं बसकं आहे, आणि नेमकं तेच माझ्या वाट्याला आलंय. सायकलला इंजिन बसवून देणारे मिस्त्री आमच्या गावात ढिगाने होते. पण बसवलेलं इंजिन गळतंय की नाही हे नुसत्या वासावर सांगणारे एकटे माझे बाबा. म्हणून हे नाव.

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांना थोडं सांगायला हवं. खोक्यातून सुटे भाग येतात: नारळाएवढं इंजिन, कार्बोरेटर, छोटी टाकी, तिचा कॉक म्हणजे पेट्रोलची तोटी, नळ्या, साखळी. ते साध्या सायकलवर चढवायचे. चढवणं कोणालाही जमतं, खरी परीक्षा सांध्यांची. बाबा म्हणायचे, "हवा आत जाता कामा नये आणि पेट्रोल बाहेर येता कामा नये. संसाराचंही तसंच आहे. बाहेरचं आत घ्यायचं नाही, घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही." संसाराबद्दलची त्यांची मतं मी कधीच मनावर घेतली नाहीत, पण इंजिनाबद्दल ते बोलायचे ते सोळा आणे खरं होतं.

सांध्यातून हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. शेवटी पिस्टन आतल्या आत चिकटतो आणि चालवणारा तोंडावर आपटतो. म्हणून बाबा खोक्यातलं पॅकिंग सरळ फेकून द्यायचे आणि जाड कागदाचं स्वतः कापायचे. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरून कार्बोरेटरच्या नळीचं तोंड त्यावर गोल गोल घासत बसायचे, कुठे उंचसखल राहू नये म्हणून. बोल्ट कधी एका दमात आवळायचे नाहीत. आधी हा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, मग पुन्हा हा. नंतर इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. जिथला फेस आत ओढला जातो तिथे इंजिन हवा खातंय.

ही झाली हवा. पेट्रोलची परीक्षा मात्र नाकाची. टाकी काठोकाठ भरून सायकल मागच्या बिनखिडकीच्या खोलीत उभी करायची आणि दार लावून घ्यायचं. सकाळी गिऱ्हाईक आलं की बाबा त्याच्या देखत दार उघडायचे, उंबऱ्यात उभे राहून एकच लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "कॉकजवळ." "नळीच्या खालच्या टोकाला." काहीच नसलं तर, "कोरडं ठणठणीत." बाकीचे मिस्त्री सांध्यांवर खडूची पूड लावायचे, म्हणजे पाझरलं की पुडीवर डाग उमटतो. बाबा त्यांना हसायचे. खडू शाळेतल्या मास्तरांनी वापरावा, म्हणायचे.

मी लग्न करून दुसऱ्या गावी गेले. माझा नवरा घड्याळजी आहे. डोळ्याला भिंग लावून तो तिळाएवढे स्क्रू काढतो आणि जागच्या जागी बसवतो. त्याची बोटं बघूनच मी लग्नाला हो म्हटलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. गुणी माणूस आहे, पण भिडस्त किती असावं? चहात माशी निघाली तर ती बाजूला काढून चहा पिऊन येईल, पण वेटरला हाक मारणार नाही. भीड भिकेची बहीण, असं मी त्याला येता-जाता ऐकवायची. तो हसायचा.

त्याचं दुकान घरापासून लांब, आणि वाट सगळी चढाची. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी स्वतः होऊन त्याच्या सायकलला इंजिन बसवून दिलं. जावयाचं काम म्हणून पॅकिंगसुद्धा दोनदा कापलं. बाहेर ठेवलेली वस्तू आमच्या गल्लीत सकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून सायकल घरातच राहायची. घर म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला सायकल, मध्ये आम्ही.

मग मला दिवस गेले, आणि वास सुरू झाला.

"पेट्रोलचा वास येतोय," मी म्हणायची.

"माझ्या हातांचा असेल." घड्याळाचे भाग दिवसभर पेट्रोलमध्येच धुवावे लागतात, त्यामुळे हे खोटंही म्हणता येत नव्हतं.

"हात धुतलेस ना?"

"धुतले. अगं, परवा तुला भिंतीचासुद्धा वास येत होता."

तो खरंच येत होता. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला तुझ्या वेळी कुलपांचा वास यायचा. आणि बाबांनी तपासलंय ना ते इंजिन? मग झालं तर." झालं तर झालं. नाकवाल्या मिस्त्रींची मुलगी असून मी माझ्याच नाकाला वेड्यात काढलं. पण पोटात काही ठरेना. उलट्यांनी नाकी नऊ आले, तेव्हा नवराच म्हणाला की थोडे दिवस आईकडे जा. माझी पिशवी त्याने भरली, बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली. खिडकी उघडी ठेवत जा, एवढंच मी त्याला निघताना म्हटलं.

माहेरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी एक गवंडी त्याची सायकल न्यायला आला. मी मागच्या बोळात दात घासत होते. दार अजून बंद होतं, तरी मला वास आला. बाबा आले, त्यांच्यामागे चहाचा कप घेऊन आई, तिच्यामागे गवंडी. बाबांनी दार उघडलं. तो वास थोबाडीत मारल्यासारखा आला. बाबांनी उंबऱ्यात उभं राहून छाती भरून श्वास घेतला. मागे आई एकदा खोकली.

"कोरडं ठणठणीत," बाबा म्हणाले.

"बाबा, ही गळतेय," मी म्हटलं.

बाबा गवंड्याकडे बघून हसले. "पोटुशी बाईचं नाक. पाव भाजला तरी हिला घर पेटल्यासारखं वाटतं."

गवंडीही हसला, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चूळ भरली, त्या दोघांच्या मधून आत शिरले आणि टाकीच्या कॉकखालून बोट फिरवलं. ओलं झालं. ते बोट मी बाबांच्या नाकासमोर धरलं, अगदी मिशीला लागेल एवढं जवळ.

"घ्या वास."

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण बाबांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटलं नाही. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, मग बोट जरा लांब करून ते उजेडात चमकतंय का ते बघितलं. आणि मग माझ्या खांद्यावरून आईकडे बघितलं. त्यांची ती नजर मी कधी बघितली नव्हती. गर्दीत हात सुटलेलं मूल जसं आई शोधतं, तसे ते आईला शोधत होते.

"वायसर बदलतो," ते गवंड्याला म्हणाले. "उद्या या."

गवंडी गेल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती आधी नाही-नाही म्हणाली, मग ओट्याला टेकून बोलायला लागली. हिवाळ्यात बाबांना ताप आला होता, तो मलाही माहीत होता. ताप उतरला आणि वास गेला, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. दूध करपून धूर झाला तरी बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते, तेव्हा आईला कळलं. जेवण त्यांना मातीसारखं लागायचं. पण त्याहून त्यांना जास्त भीती होती ती त्या दाराची. गिऱ्हाईक आलं की ते दार उघडायला चालढकल करायचे.

"मग मीच म्हटलं, मी मागे उभी राहीन. काही नसलं तर एकदा खोकेन, वास आला तर दोनदा. झाकली मूठ सव्वा लाखाची गं. बावीस वर्षांचं नाव आहे त्यांचं."

"आणि आज? आज तू एकदाच खोकलीस."

"आज नव्हताच वास."

मी बाहेर जाऊन ज्या फडक्याने बाबा टाकी पुसतात ते घेतलं. त्यावर कॉकखालचं पेट्रोल टिपलं आणि आणून आईच्या पुढ्यात धरलं. माझे डोळे चुरचुरत होते.

"येतो वास?"

"येतो की."

"किती?"

आईने पुन्हा हुंगलं. "नेहमीएवढा."

मी फडकं खाली ठेवलं. आईचं सगळं आयुष्य त्या घरात गेलं होतं. अंथरुणाला, पडद्यांना, पिठाच्या डब्यालासुद्धा पेट्रोल. तिला तो वास रोजच येत होता आणि कधीच येत नव्हता. तरी मी विचारलं, मग सुरुवातीला तू गळणारी कशी ओळखलीस?

"दोन-तीन पकडली मी पहिल्यांदा. चांगली मोठी गळत होती," आई म्हणाली. "मग हळूहळू गळणं बंदच झालं. मला वाटलं, ह्यांचा हात आणखी बसला."

बाबा दारात उभे होते. सगळं ऐकलंच असणार. त्यांच्या तळहातावर कॉकमधून काढलेला वायसर होता. त्यांनी तो नखाने दाबला तर नख आत रुतलं. "रबर खराब आहे," ते म्हणाले. "पेट्रोलने मऊ पडतंय. नव्या खोक्यांतले सगळे असलेच."

"ही खोकी कधीपासूनची?"

"उन्हाळ्यापासूनची."

त्यांनी ते सहज सांगितलं आणि मग तळहातावरचा वायसर मुठीत आवळला. माझ्या नवऱ्याचं इंजिन उन्हाळ्यातलं. म्हणजे भिंतीचा वास मला खोटा आला असेल, पेट्रोलचा नव्हता. आणि तो माणूस आत्ता त्या लांबट खोलीत एकटा, स्वतःच्या हाताने चहा करून पिणारा.

मी फोन लावला. त्याने घेतला नाही. त्यात नवल नव्हतं, घड्याळ उघडं असलं की तो फोन घेतच नाही. मग त्याच्या शेजारच्या चष्मेवाल्याला लावला. तो म्हणाला, "आज उघडलंच नाही हो दुकान. मला वाटलं तुमच्याकडे आला असेल."

बाबांनी चपला घातल्या. आई मागून म्हणाली, "तिथे कोणाला काही बोलू नका हं लगेच. आधी बघा काय ते." मी वळून तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली.

बसमध्ये बाबा माझ्या शेजारी ताठ बसले होते. निम्मी वाट झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी ते स्वतः चहा करतात?"

"करतो."

"सायकल तेव्हा घरातच?"

"घरातच."

मी पोटावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होते, फोन का घेत नाहीस म्हणून. शिव्या घालत असलं की तो माणूस जिवंतच वाटत राहतो.

आमच्या गल्लीत शिरताच सायकल दिसली. ती गटाराच्या कडेला आडवी पडली होती. टायर नव्हते, सीट नव्हती, टाकी एका बाजूने फाटलेली. घराचं दार अर्धं जळलं होतं आणि वरची भिंत काळी झाली होती. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात बसली होती. मला बघताच ती रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "आहे, आहे, जिवंत आहे."

तिने सांगितलं ते असं. सकाळी भडका उडाल्याचा आवाज झाला. ती खाली धावली तर तो पेटलेली सायकल ढकलत दाराबाहेर येत होता. "वर माझी दोन्ही पोरं झोपलेली. सायकल आत राहिली असती तर जिना गेला असता. सगळे ओरडत होते, सोड, सोड म्हणून. त्याने गटारापर्यंत हँडल सोडलं नाही."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी मला आधी बसायला सांगितलं आणि मग त्या बोलल्या. जिवाला धोका नव्हता. चेहरा बचावला होता, एक भुवई सोडून. हातांचं मात्र कठीण होतं. हँडलच्या रबरी मुठी वितळून तळव्यांना चिकटल्या होत्या, त्या काढताना कातडी आली होती. बरं झाल्यावर पेला धरता येईल, कदाचित शर्टाची बटणं लावता येतील. "काम काय करतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिण्याचं निमित्त केलं.

तो कॉटवर उशांना टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या गुंडाळ्यांत. मला काही म्हणण्याआधी त्याने बाबांना बघितलं आणि तो उठायला लागला.

"राहू द्या, राहू द्या," बाबा म्हणाले.

"गॅस उघडा राहिला होता, बाबा," तो म्हणाला. "काडेपेटी शोधत बसलो आणि तेवढ्यात साचला. माझाच वेंधळेपणा. तुम्ही करून दिलेली सायकल गेली हो."

मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. त्यांनी डोळे मिटले, तोंडाने श्वास सोडला, आणि म्हणाले, "सायकलचं काय घेऊन बसलात, जावईबापू. दुसरी करू." मग पाणी आणतो म्हणून बाहेर गेले. माझ्या बापाला त्या घटकेला सुटल्यासारखं वाटलं, आणि मला त्यांचा जन्मात आला नव्हता एवढा राग आला.

"गॅस?" मी विचारलं.

तो खिडकीकडे बघायला लागला.

"माझ्याकडे बघ. वास येत होता तुला?"

"हळू बोल."

"येत होता की नाही?"

"येत होता," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून. तू निजलीस की मी कॉक आवळायचो. साबण लावून बघितला. तेवढ्यापुरतं थांबायचं."

"आणि मला सांगत होतास, दिवस गेलेत म्हणून वास येतो?"

"मग काय सांगू? तुझ्या बाबांनी स्वतः तपासून दिलेलं. त्यांना जाऊन म्हणू, गळतंय? त्यांना? त्यांना किती वाईट वाटलं असतं."

मला त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ते हातच धरता येण्यासारखे नव्हते. मी कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून रडले, आणि तो मला उगी-उगी म्हणत राहिला, पाठीवरून हात फिरवता येईना म्हणून नुसता तोंडाने.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण दात असे ओठात रुतले तर माणूस किती वेळ तोंड मिटून बसणार? बाबा बाहेर बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"गॅस नव्हता, बाबा. तुमची टाकी गळत होती."

"ते तर म्हणाले की..."

"तो तुमची लाज राखतोय. हात जळाले तरी राखतोय. त्याला वास येत होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही."

बाबांनी बाटलीचं झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मला वाटलं, आता चिडतील, मग मलाही चिडता येईल. त्यांनी बाटली बाकावर ठेवली. मग म्हणाले, "उन्हाळ्यापासूनची बाकीची पण फिरतायत." आणि मान वर करून, पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. "तू येशील बरोबर? मला कळणार नाही कुठली गळतेय ती."

आईला बोलावून नवऱ्यापाशी बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर माहेरच्या गावी परतले. बाबांच्या पिशवीत चांगल्या रबराचे वायसर, पाने, आणि कागदाच्या पुडीत कुटलेला खडू होता. तो त्यांनी कधी विकत आणला मी बघितलं नाही.

पहिल्यांदा आम्ही इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याच्या टपरीत कोळशाची इस्त्री धगधगत होती आणि हातभर अंतरावर, कपड्यांच्या गाठोड्यांना टेकवून, सायकल उभी होती. मला बाहेरच वास आला. मी बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनी सायकल ओढून उन्हात आणली, कॉकच्या सांध्यावर खडू लावला आणि उकिडवे बसले. बघता बघता पांढऱ्या पुडीवर काळसर डाग पसरला.

"वास येत नव्हता तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"येतो की," इस्त्रीवाला म्हणाला. "आणली त्या दिवसापासून येतो."

"मग आला का नाहीत सांगायला?"

"तुम्हाला?" तो खरंच चकित झाला होता. "मिस्त्री, वासाचं तुम्हाला काय सांगायचं? मी म्हटलं, नाकवाल्यांनी पास केलंय, म्हणजे माझंच नाक बिघडलं असेल."

बाबा तसेच उकिडवे बसले होते. "तुमचं चांगलं आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मला वास येत नाही. हिवाळ्यापासून येत नाही."

इस्त्रीवाला आधी हसला. बाबा थट्टा करतायत असं त्याला वाटलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू थांबलं. त्याने इस्त्री उचलून टपरीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

त्यानंतर प्रत्येक दारात तेच. एकाने कॉकला चिंधी बांधून ठेवली होती आणि ती रोज पिळून टाकत होता. रात्रपाळीच्या नर्सबाईंनी पलंग सरकवून खिडकीखाली घेतला होता, पण सायकल घरातच. डोकं दुखतं, त्या म्हणाल्या, पण इंजिन म्हटलं की एवढा वास असायचाच ना? सगळ्यांना येत होता. एवढी शहाणीसुरती माणसं, प्रत्येकाच्या तोंडावर धडधाकट नाक, आणि एकालाही ते वापरायची हिंमत झाली नव्हती. मी त्यांना काय बोलू? मी तरी कुठे वापरलं होतं? प्रत्येक दारात बाबा तेच वाक्य म्हणत होते, मला वास येत नाही. दुपारपर्यंत ते वाक्य त्यांना न अडखळता म्हणता यायला लागलं. परत येताना रस्त्यात कोणीतरी नेहमीसारखी हाक मारली, "काय नाकवाले!" बाबांनी वर बघितलं नाही.

आम्ही पुन्हा हॉस्पिटलात आलो तेव्हा आई नवऱ्याला चमच्याने भात भरवत होती. त्याच्या गुंडाळ्या बदलल्या होत्या. बोटं आता एकेकटी बांधली होती, त्यामुळे ती किती वाकडी झालीत ते दिसत होतं. बाबा कॉटच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. आईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खुणेने नको म्हटलं. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं इंजिन गळत होतं. मला वास येत नाही, हे मी लपवलं. तपासल्याचं नाटक करून तुम्हाला दिलं. तुमचे हात माझ्यामुळे गेले."

बाबांचा आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू गेला. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून बसला. बाबा वाट बघत होते. त्यांना शिवी हवी होती, निदान एखादा कडू शब्द, काहीतरी. आणि माझी खात्री होती की आता तरी हा माणूस बोलेल.

नवऱ्याने तोंडातला घास गिळला. "छे हो, बाबा," तो म्हणाला, "गॅसच उघडा राहिला होता. तुम्ही उगीच मनाला लावून घेता." मग तो माझ्याकडे वळला. "अगं, बाबा कधीचे उभे आहेत. त्यांना स्टूल दे ना बसायला."

स्टूल माझ्या पायाशीच होतं. मी दिलं नाही.